माझ्या कार्डातून भरलेली फी

१८ मे २०११, बुधवार

भरली! प्रतीक्षाची फी भरली. मी ज्या इंटरनेटच्या दुकानात फॉर्म भरायला बसतो त्याच्या खात्यातून नाही — माझ्या स्वतःच्या कार्डातून. उदगीरला कॉलेजात होतो तेव्हा काढलेलं कार्ड, इतके दिवस नुसतं पाकिटाला चिकटून बसलं होतं. आज कामाला आलं.

सोलापूरच्या नर्सिंग कॉलेजची प्रवेश परीक्षा आहे. फॉर्म भरताना ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. मी टाइप करतोय आणि ही म्हणते, "हल्लू हल्लू कर की. जन्मतारीख चुकवलास तर कागदावर तुझी मावशी होईन मी." दुकानात बसलेले सगळे हसले. मीपण हसलो. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर कीबोर्ड आपटला असता.

पैशाचं पान आलं तेव्हा म्हणाली, "आई बाजारातनं आली की तुझ्या मालकाला, अण्णाला, आणून देते." मी म्हटलं, "बघतो मी." "बघतो म्हंजे?" तेवढ्यात लाईट गेली, विषय तिथंच राहिला. ती गेल्यावर लाईट आली आणि मी भरून टाकली.

हिरव्या अक्षरात आलं — व्यवहार यशस्वी. कॉलेज सोडल्यापासून माझ्या बाबतीत हा शब्द कुणी वापरला नव्हता!

१९ मे, गुरुवार

तिला सांगितलं नाही कुणी भरली ते. सांगितलं की त्याची किंमत जाते.

२३ मे, सोमवार

अण्णांनी झापलं. शिवराज अण्णांचं दुकान, मी नुसता खुर्चीवर बसणारा. हिशोब जुळवताना त्यांना दिसलं की फॉर्म एक गेलाय आणि त्याची फी दुकानाच्या खात्यातून गेलेलीच नाही.

"कुणाच्या खात्यातनं भरलास?"

"माझ्या."

"कामून?"

"ओळखीचं होतं."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. तो चढला की भाषण असतं. "हे बघ सिद्धराम. घरचं कार्ड घरच्या कामाला. गिऱ्हाइकाचं काम दुकानाच्या खात्यातनं. आपण पैसे भरायचे, गिऱ्हाइकाकडनं रोख घ्यायचे, त्याच्या नावाची पावती फाडायची. उद्या तिकडनं पैसे परत आले तर ते कुणाचे हे पावतीवर दिसतंय. तू तुझ्या कार्डातनं भरलास — आता ती फी बँकेच्या लेखी तुझी. परत मागायचा हक्क पण तुझाच. त्या पोरीचा काय राहिला त्याच्यात?"

"मी कशाला परत मागू?"

"मागशील म्हणत न्हाई रे. मागता येतंय, एवढंच म्हणायलोय." मग हळूच म्हणाले, "ओळखीचं म्हंजे खानावळीचं का?"

कान तापले. प्रतीक्षाची आई, चांगुणाबाई, बसस्टँडच्या मागं खानावळ चालवते. नवरा गेल्यापासून एकटीच. अख्ख्या कमलनगर गावाला माहीत आहे मी तिथं भूक नसताना जेवतो.

३० मे, सोमवार

हॉल तिकीट आलं. छापून दिलं. फोटोत ती रागावल्यासारखी दिसते. मी म्हटलं, "असं तोंड करून सुई मारलीस तर पेशंट आधीच मरंल." ती म्हणाली, "तुझ्या डोक्यापेक्षा बरं. तुझं डोकं म्हंजे स्टो हाय, पंप मारायच्या आधी पेटतंय."

खाली बारीक अक्षरात ओळ आहे — फी जमा असल्याची खात्री परीक्षेच्या दिवशी गेटवर केली जाईल. मी म्हटलं, त्याची काळजी नको.

आणि अण्णांनी घात केला! जाता जाता तिनं विचारलं, "अण्णा, फीचे पैसे राहिलेत आमचे, किती?" अण्णा म्हणाले, "माझे कुठं राहिलेत अक्का? सिद्धरामाला विचार, त्यानं त्याच्या खात्यातनं भरलेत." तिनं माझ्याकडं पाहिलं. हसली नाही, रागावली पण नाही. हॉल तिकिटाची घडी घातली आणि गेली.

रात्रभर त्या बघण्याचा अर्थ लावत बसलोय. चांगलाच लावायचा ठरवलाय.

३१ मे, मंगळवार



दुपारी दुकान भरलेलं. जमिनीच्या उताऱ्यासाठी आलेले शेतकरी, निकाल बघायला आलेली पोरं. चांगुणाबाई आली, मागं प्रतीक्षा. पदराची गाठ सोडून पैसे माझ्यापुढं ठेवले.

"मोजून घे. आणि पावती दे. दुकानाची, शिक्का मारून."

मी म्हटलं, "मावशी, आपल्यात काय पावती?"

"आपल्यात म्हंजे? कुनाच्यात?" एवढ्या मोठ्यानं! "खानावळीत तू जेवतूस, पैसे देतूस का न्हाई? मी म्हणते का कधी, राहू दे म्हणून? मग तू कोन लागून गेलास माझ्या पोरीची फी भरनारा?"

कुणीतरी मागून म्हणालं, "दानशूर हाय की!" खिदळले सगळे. त्या पोरांत माझ्या कॉलेजातला एक होता. उद्या उदगीरभर.

मी प्रतीक्षाकडं पाहिलं. वाटलं ती काहीतरी बोलेल. ती पंख्याकडं बघत म्हणाली, "पावती लिही ना सिद्धराम. उशीर व्हायलाय." बस. गिऱ्हाईक बोलतं तसं.

लिहिली. शिक्का मारला. इतक्या जोरात मारला की शाईची डबी उलटली. अण्णा म्हणाले, "सावकाश." मी म्हटलं, "जेवून येतो," आणि रेल्वे स्टेशनवर जाऊन बसलो. जेवणार कुठं? खानावळीत?

तिथून बँकेला फोन लावला. कार्डाच्या मागं नंबर असतो तो. एक मुलगी बोलली, गोड आवाजाची. मी सांगितलं — माझ्या खात्यातून सोलापूरच्या एका कॉलेजला पैसे गेलेत, तो व्यवहार मी केलेला नाही. माझे मला परत पाहिजेत.

"सर, हा खर्च तुमचा वैयक्तिक नाही, तुमच्या व्यवसायाचाही नाही, बरोबर?"

"माझा कसलाच नाही," मी म्हटलं.

तिनं तक्रार लिहून घेतली, कार्ड बंद केलं, पैसे परत मिळवण्याची कारवाई सुरू होईल म्हणाली. धन्यवाद पण दिले मला.

लई बरं वाटलं. घरी येईपर्यंत तरी वाटत होतं.

१ जून, बुधवार

काय केलं मी हे!

सकाळी आई भाकरी थापत होती. बाणूबाईचा म्हणजे आमच्या आईचा स्वभाव असा, महत्त्वाचं असेल ते चुलीकडं तोंड करून बोलते. म्हणाली, "चांगुणाबाईनं पावती मागितली म्हनं दुकानात."

मी म्हटलं, "चव्हाट्यावर इज्जत घेतली माझी."

"इज्जत घेतली?" आई वळली. "अरे येड्या, ती तुझ्यासाटी येणार हाय. रविवारी. सोयरीक बोलायला."

मला कळेना. मग आईनं सांगितलं. मेंढरं राखायची तेव्हा आपल्यात देज होतं — पोराकडच्यांनी पोरीच्या बापाला पैसे मोजायचे आणि पोरगी आणायची. चांगुणाबाईच्या बापानं घेतलं होतं. त्यावरून तिच्या सासूनं आयुष्यभर तिला एकच ऐकवलं, 'तुला मोजून आणलीय.' चुलीवर दूध उतू गेलं तरी तेच, पोरगी झाली तरी तेच.

"म्हणून ती धास्तावलीय," आई म्हणाली. "सुपारी फुटायच्या आधी पोराकडचा रुपया पोरीकडं जायला नको. उद्या कुनी म्हणायला नको, फी घेतली आणि पोरगी दिली. सगळ्यांसमोर पैसे दिले ते त्याच्यासाटीच. चार साक्षीदार पाहिजे होते तिला. आणि पावती तर पायजेच की रे."

मी विचारलं, "प्रतीक्षाला माहीत हाय?"

"तिनंच म्हणलंय आईला — पोरगा तापट हाय पण खोटा न्हाई."

भाकरी खाल्ली नाही.

२ जून, गुरुवार

बँकेला फोन लावला. आज दुसरी मुलगी. म्हटलं, तक्रार चुकून केली, रद्द करा. तिनं विचारलं, "म्हणजे व्यवहार तुम्हीच केला होता?" होय म्हटलं. "मग परवा नाही का म्हणालात?" ती म्हणाली लेखी द्यावं लागेल, तुमच्या शाखेत, सही करून.

शाखा उदगीरची. ज्या गावात परत पाय ठेवणार नाही म्हणून आलो होतो तिथंच.

३ जून, शुक्रवार

जीपनं उदगीरला गेलो. बँकेतल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"मंगळवारी तुम्हीच सांगितलं, मी केला नाही. आज सांगता, मीच केला. मी कशावर विश्वास ठेवू?"

"आजच्यावर."

"आमच्याकडं रोज लोक येतात पैसे परत यावेत म्हणून. परत येऊ नयेत म्हणून आलेले तुम्ही पहिलेच." शेजारची बाई तोंडावर फाईल धरून हसली. माझी मूठ वळली. मग सोडली. आज कुणाचा राग करायचा मला हक्क नाही.

साहेब तसे वाईट नव्हते. बसवून समजावलं. दुकानानं गिऱ्हाइकासाठी दुकानाच्या खात्यातून भरलं असतं तर पावती, गिऱ्हाइकाची सही असं काहीतरी हातात असतं, भांडता आलं असतं. वैयक्तिक कार्डाचा मालक एकदा म्हणाला मी केला नाही, की बँक त्याचंच खरं धरते. अर्ज मुंबईला जाईल. तोपर्यंत कॉलेजकडं परतीची मागणी गेली नसेल तर थांबेल. गेली असेल आणि कॉलेजनं काही न विचारता पैसे सोडून दिले, तर ते परत येणार.

"आणि आले तर?"

"तर ती फी भरलेलीच नाही असं होईल."

परत येताना कॉलेजवरून गेलो. ज्या खिडकीतून बी.कॉम.ची वही फेकली ती दिसली. सर म्हणाले होते, "जमत नसेल तर जा बापाची मेंढरं राख." अप्पांनी मेंढरं विकून माझी फी भरली होती, राखायला उरली होती कुठं? हे तेव्हा सांगता आलं असतं. पण मी वही फेकली. मला बोलायचं असतं तेव्हा मी काहीतरी फेकतो.

५ जून, रविवार

आले. चांगुणाबाई आणि तिचा भाऊ कल्लप्पा. अप्पांनी नवं धोतर नेसलं होतं, त्यात अवघडून बसले होते. चांगुणाबाईनं चहा घेतला नाही, पाणी पण नाही. "सुपारी फुटल्यावर हक्कानं जेवीन," म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "राग गेला का रं? त्या दिवशी शिक्का असा मारलास, मला वाटलं टेबल फुटतंय."

सगळे हसले. मी पण.

ठरलं — परीक्षा बाराला, ती होऊ द्यायची, मग पुढच्या रविवारी सुपारी. कल्लप्पा म्हणाले, "पोरगी शिकंल, नर्स होईल, चालंल का तुमाला?" अप्पा म्हणाले, "आमच्या घरात एक जण शिकायचा राहिला, दुसरं तरी शिकू दे." टोमणा होता. गोड लागला.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. चांगुणाबाई निघताना आईला म्हणाली, "तापट नवरा चालतोय बाई. हिशोब ठेवणारा नको."

७ जून, मंगळवार

अण्णांना सांगितलं. सांगावंच लागलं, चुकीचे फॉर्म भरायला लागलोय मी.

अण्णांनी शिव्या दिल्या, आधी मराठीत, मग कानडीत. कानडीतल्या जास्त लागल्या. मग त्यांनी प्रतीक्षाचं नाव न घेता सोलापूरला फोन करून विचारलं. फी जमा दिसत नसेल तर परीक्षेच्या सकाळी दंडासह रोख भरता येते. पण उमेदवारानं स्वतः, लेखी अर्ज देऊन. गेटवर जाऊन कळलं तर वेळ गेलेली असते, कारण पैसे घेणारी खिडकी लवकर बंद होते.

"म्हंजे तिला सांगायला पायजे," अण्णा म्हणाले. "नुसतं एवढंच — फीची भानगड झालीय, रोख घेऊन जा, लवकर जा."

"ती विचारंल, काय भानगड."

"मग सांग."

"अण्णा, सुपारी—"

"मी सांगणार न्हाई. घाण तू केलास, तोंड तू उघड. आणि कदाचित तुझा अर्ज पोचला पण असंल. मग काय न्हाईच. पण धंद्यात माणूस कदाचितवर दुकान उघडत न्हाई."

माझं काय आहे पण कदाचित सोडून?

८ जून, बुधवार

बँकेला फोन. "सर, प्रक्रिया सुरू आहे." कुठली प्रक्रिया? पैसे आणायची का थांबवायची? तिला सांगता येईना.

९ जून, गुरुवार

मेसेज नाही. मेसेज नाही म्हणजे चांगलं.

१० जून, शुक्रवार

प्रतीक्षा भेटली. खानावळीच्या मागं पत्र्याच्या सावलीत पुस्तक घेऊन बसली होती. मला बघून पुस्तक मिटलं नाही, नुसतं वर धरलं. "विचार. हाडं किती?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत हाय, तू नुसतं विचार. विचारणारं कुनी न्हाई. आईला विचार म्हणलं तर म्हणते, मटणातली सांगू का?"

विचारली. सगळी बरोबर सांगितली असतील, मला कुठं कळतंय. मग म्हणाली, "सिद्धराम, मला त्या दिवशी वाईट वाटलं. दुकानात. पण आईपुढं बोलता येईना. तू फी भरलास ते मला आवडलं होतं. एकदम मनापासून. पण घेतलं असतं तर आईनं आयुष्यभर ऐकलेलं मी पण ऐकलं असतं. तुझ्याकडनं न्हाई. पण कुनाकडनं तरी."

मी म्हटलं, "प्रतीक्षा—"

"काय?"

"घाबरू नको परीक्षेला."

"मी कशाला घाबरू? तूच पांढरा पडायलास." आणि हसली.

असं का होतं माझं? भांडायला जीभ आहे. नको तेव्हा एवढी चालते, आणि हवी तेव्हा टाळूला चिकटते. तिनं वाट करून दिली होती. मी पांढरा पडून उभा राहिलो.

आणि घरी येताना मनात काय आलं, तर अजून मेसेज नाही! स्वतःची शिसारी आली.

११ जून, शनिवार

सकाळच्या गाडीनं गेल्या दोघी. सोलापुरात तुळजामावशीकडं उतरणार, चांगुणाबाईची बहीण. प्रतीक्षानं खिडकीतून हॉल तिकीट हलवून दाखवलं, लहान पोरगं पतंग दाखवतं तसं. मी हात वर केला. गाडी वळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

अण्णांनी विचारलं, "सांगितलास?" मी मान हलवली. कशी हलवली ते मला पण कळलं नाही. त्यांनी पुढं विचारलं नाही. संगणकावरची धूळ पुसत बसले.

११ जून, पुन्हा. संध्याकाळ.

बँकेचा मेसेज आला. पैसे माझ्या खात्यात जमा. पूर्ण रक्कम.

कॉलेजनं सोडून दिले. उद्या गेटवर तिची फी नाही.

गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही. बँकेनं घोळ केला म्हणता येईल. चांगुणाबाई मलाच धीर देईल. पुढच्या रविवारी सुपारी फुटेल आणि प्रतीक्षा वर्षभर थांबेल, माझ्याच घरात.

सांगितलं तर सकाळी रोख भरून ती परीक्षेला बसेल. चांगुणाबाईकडं पैसे असतातच. मग घरी आल्यावर त्या आमच्याकडं येणार नाहीत. कधीच नाही.

डाव्या हातात फोन आहे. प्रतीक्षाला लावलाय.

रिंग जायलीय.